हसता हसता थांबलेली लेक

समस्त जनतेस कळविण्यास दुःख होते की, आमच्या घरचे इंटरनेट आज मरणपंथाला लागले असून परदेशातली आमची लेक व्हिडिओ कॉलच्या पडद्यावर अर्ध्या हसण्यात अडकली आहे.

केबलवाल्याने फोनवर उपाय सांगितला, "काका, राउटर बंद करून परत चालू करा." म्हणजे हे चित्रही जाणार.

लहानपणी दोनपैकी एकच वेणी घालून पळणारी ही पोर आताही चालताचालताच बोलते. इंटरनेट वेगवान हवं, असं आपण सगळेच म्हणतो. पण डोळे भरून पाहायला समोरच्या माणसाला थोडं थांबावं लागतं. बायको पडद्यावर लेकीच्या गालावरची बट निरखत होती. मी बटणाकडे हात नेताच ती ओरडली,

"अहो, राहू द्या ना! किती दिवसांनी एका जागी बसलीय!"