गच्ची तळमजल्यावर

लिफ्टदुरुस्तीच्या त्या वर्कशॉपमध्ये तिला सगळे वहिनी म्हणत, कारण मालक तिचे थोरले दीर. लग्नानंतर ती बिलं टाइप करायला म्हणून आली आणि कॉम्प्युटरलाच चिकटली. कुठल्या इमारतीतल्या लिफ्टचा कोणता भाग बदलला, हे तेव्हा मेकॅनिकांच्या डोक्यात असे. मेकॅनिक रजेवर गेला की डोकंही रजेवर. वहिनीने एक कोर्स केला आणि या सगळ्याची विकी उभी केली. कोणीही मोबाइलवर उघडावी, वाचावी, भर घालावी. पानं मजल्यांनुसार लावून दाखवायला तिने विकीला एक तयार प्लगइन, म्हणजे छोटासा जोडप्रोग्राम, बसवला होता.

सोमवारी विकी उघडली तर नुसतं पांढरं पान. विकी जिच्यात लिहिलेली ती पीएचपी भाषा सर्व्हरवाल्यांनी सुट्टीत नव्या आवृत्तीवर नेली होती.

दीर दारात येऊन उभे राहिले. "चारला तो तयार ॲप विकणारा येतोय. तोवर तुझं चालू झालं तर ठीक, नाहीतर मी सही करून मोकळा."

"चार कशाला, भाऊजी? जेवायच्या आधी होईल."

"तोंडाने?"

"हाताने."

तिने प्लगइनं एकेक करून बंद केली. मजल्यांचं बंद करताच विकी उठून बसली. म्हणजे चोर हाच. ते लिहिणाऱ्याने कधीच हात झटकले होते, त्यामुळे नवी आवृत्ती मिळायची आशा नव्हती. तिने एरर लॉग, म्हणजे चुकांची नोंद, उघडला. प्लगइन ज्या फंक्शनवर विसंबून होतं, ते नव्या पीएचपीने काढूनच टाकलं होतं. त्याच्या जागी तिने तेच काम करणारा साधा लूप लिहिला, प्लगइन चालू केलं आणि पान आलं.

जुने मेकॅनिक ठोकेकाका डोकावले. कुठलंही यंत्र आधी ठोकून बघायचं, म्हणून हे नाव. "ठोकलंत वाटतं?"

"तुमचीच विद्या, काका."

पण पान उघडलं म्हणजे बरोबर उघडलं, असं ती मानत नसे. तिने पाठ असलेली एक इमारत काढली. पहिल्यापासून आठव्यापर्यंत मजले जागच्या जागी. तळमजला मात्र गायब, आणि गच्चीवरच्या मोटरचं पानही.

तिने कोड वाचला. प्लगइन शून्यापासून वर मोजत प्रत्येक पानाला विचारायचं, तुझा मजला हाच का? मेकॅनिक तळमजल्याला शून्य लिहीत नसत, 'तळ' लिहीत. जुनी पीएचपी इतकी भोळी, की शून्याशी तुलना करताना कुठलाही शब्द शून्यच धरायची. नवी म्हणाली, शब्द तो शब्द, शून्य ते शून्य.

मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "काका, गच्चीचं पान आजवर कुठे सापडायचं?"

"तळमजल्यात. नवीन पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो मी, गच्ची हवी तर तळमजल्यावर जा."

"असं का, ते विचारलं नाहीत कधी?"

"वाटलं, कॉम्प्युटरमध्ये असंच असतं."

वहिनी पोट धरून हसली. 'गच्ची'लाही जुनी भाषा शून्यच समजत होती. तिने दोन ओळी लिहिल्या: 'तळ' म्हणजे सगळ्यांत खाली, 'गच्ची' म्हणजे सगळ्यांत वर. पुन्हा इमारत तपासली, मग आणखी दोन, आणि डबा उघडला.

चारला ॲपवाला आला. माणूस गोड, ॲपही देखणं. दिरांनी स्वतः मोबाइल हातात घेऊन मजल्याच्या रकान्यात 'तळ' लिहिलं. रकान्याने घेतलं नाही.

"आकडा टाकायचा, साहेब. शून्य."

"आणि गच्ची?"

"शेवटच्या मजल्याच्या पुढचा आकडा."

ठोकेकाका पान्हा पुसत म्हणाले, "म्हणजे एका इमारतीत गच्ची नऊ, दुसरीत गच्ची पाच. आधी मजले मोजा, मग लिफ्ट बघा."

दिरांनी वहिनीकडे वळून विचारलं, "उद्या भाषा पुन्हा बदलली तर?"

"बदलणारच. मी आहे ना."

दिरांनी पेन खिशात ठेवलं आणि ॲपवाल्याला चहा पाजून जिन्यापर्यंत सोडलं.

इकडे ठोकेकाका मोबाइलवर अंगठा घासत बसले होते. "वहिनी, तुम्ही काहीतरी बिघडवलंत. तळमजल्यावर गच्ची दिसत नाही."

"वर बघा, काका."

काकांनी छताकडे पाहिलं, मग मोबाइलकडे. "बरं," ते म्हणाले, "आता पोरांना पुन्हा शिकवा."