चाकूचा ओरखडा

सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात, भूशास्त्राच्या लॅबमध्ये एक अटेंडंट आहेत. सगळे त्यांना मामाच म्हणतात. सांगोल्याकडचे, शिक्षण दहावी, पण दगड तिथे शिकवणाऱ्या माझ्यापेक्षा चांगले ओळखतात. चॅल्कोपायराइट हे तांब्याचं खनिज आपल्याकडच्या काळ्या दगडात सहसा मिळत नाही. आमचा एकुलता एक तुकडा राजस्थानातून आलेला, तो मामा कापसात जपतात. त्याच्यासारखाच पिवळा, चमकणारा पायराइट शेजारी ठेवून पोरांना म्हणतात, "रंगावर जाऊ नगा. चाकूनं ओरखडा उठला तर तांब्याचा. पायराइट लई कडक, त्येला उठत न्हाय."

गेल्या प्रॅक्टिकल परीक्षेत या दोघांच्या चिठ्ठ्या मीच अदलाबदल करून लावल्या. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चूक पकडली, तेव्हा पोरांसमोर मी बेशरमपणे म्हणालो, "मामांनी बदलल्या असतील."

मामा माझ्याकडे बघत म्हणाले, "व्हय. माजंच चुकलं."

तेव्हापासून प्रत्येक प्रॅक्टिकलला ते माझ्यासमोर दोन्ही दगड, कोऱ्या चिठ्ठ्या आणि चाकू ठेवतात.

"बघून लिवा की, सर."

पोरं बघत असतात. मी ओरखडा काढेपर्यंत मामा तिथून हलत नाहीत.