घड्याळाचा तक्ता आणि परत केलेली शाल

मंडळी, आज बदलापुरात वीस वर्षांपूर्वीच्या संशोधनासाठी माझा सत्कार होता. नळाला पाणी येण्याच्या वेळा घड्याळासारख्या रंगवून दाखवणारा माझा तक्ता अजून गावोगावी वापरतात, म्हणून.

ती कल्पना माझी नव्हतीच. माझा आधीचा, उंच-बुटक्या खांबांच्या आलेखाचा तक्ता पाहून वांगणीच्या सखूबाई म्हणाल्या होत्या, "बाई, मला अक्षर येत नाही, घड्याळ कळतं. तसं काढा की."

आज मी सन्मानचिन्हावर त्यांचं नाव मागितलं. आयोजक म्हणाले, "मॅडम, त्या संशोधक नाहीत."

मी शाल घडी करून परत दिली. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये दुसऱ्याचं उत्तर उतरवलं की सिस्टर वर्गाबाहेर काढायच्या. इथे सत्कार करतात.

तुमच्या नावावरच्या कामात डोकं कुणाचं आहे? खाली त्यांचं नाव लिहा.