बारा ओळी

काल कपाट आवरताना डांबरगोळ्यांचा वास लागलेली पल्लवीची रशियनची वही सापडली. डॉक्टरकीसाठी तिला रशियाला पाठवायचं मीच ठरवलं होतं. पंधरा वर्षांपूर्वी, जायच्या आधी, अकोल्याच्या घरी ती गृहपाठ करत बसली होती. सहनशक्ती संपल्याचे बारा इंग्रजी वाक्प्रचार रशियनमध्ये लिहायचे होते.

"बाबा, इंग्रजीत उंटावर शेवटची काडी पडते, रशियनमध्ये शेवटचा थेंब. आपल्यात काय म्हंतेत?"

"पाणी डोक्यावरून गेलं."

"मंग बाबा, माह्या डोक्यावरून पाणी गेलं. मले नाई जायचं."

मला वाटलं, ती वाक्यात उपयोग करून दाखवते आहे. मी हसलो. "बरोबर हाये. पन आठच झाले वं, चार बाकी हायेत."

तिनं मान खाली घालून चार ओळी भरल्या. मी बारा मोजल्या आणि खाली बरोबरची खूण केली.

ती तिकडेच राहिली. माझा फोन उचलत नाही.

मला रशियन येत नाही. काल प्रथमच अक्षराला अक्षर लावून पाहिलं, तर शेवटच्या चारही ओळी एकच होत्या. मोबाईलवर अर्थ काढला.

'बाबा, मला पाठवू नका.'