दसऱ्याला बंद केलेला संगणक

वळ गावच्या गोदामात रुचिका माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. जेवणाच्या सुट्टीत आम्ही बाकीच्या जगाची उणीदुणी काढत असायचो, आणि ही बाई चार घास कोंबून पुन्हा संगणकाला चिकटायची. सासूचे धवले, म्हणजे लग्नातली गाणी, लिहायला.

तिच्या सासूबाई सीताबाई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत त्यांनी धवले गायल्याशिवाय विधी पुढे सरकत नसे. पार दिघाशी गावातून बोलावणी यायची. सगळं तोंडपाठ, कागदावर एक अक्षर नाही. गेल्या उन्हाळ्यात भर मांडवात त्या मधेच थांबल्या, पुढचं आठवेना. डॉक्टर म्हणाले, हे आता वाढतच जाणार. रेकॉर्ड करायला फोन समोर धरला की त्यांचा आवाजच बसायचा. म्हणून रुचिका सकाळी भाकऱ्या थापता थापता ऐकायची, डोक्यात धरून आणायची आणि दुपारी टाइप करून मोकळी व्हायची.

आमच्या संगणकांची एक खोड आहे. पोरं नको ते भरतात म्हणून देखभाल करणाऱ्या भाविकने असं करून ठेवलंय, की संगणक बंद केला की सी ड्राइव्हवरचं नवं सगळं पुसलं जातं. राहतं फक्त डीवरचं. त्याने रुचिकाला बजावलं होतं, "एडिटरच्या सेटिंगमध्ये फाइल ठेवायची जागा डी कर." तिने केली. म्हणजे डीचा पत्ता टाकला, पण खालचं 'लागू करा' न दाबताच खिडकी बंद केली. पुढे पावसाळाभर ती सेव्ह करत राहिली आणि एडिटर इमानेइतबारे सीवर ठेवत राहिला. कुठे ठेवतोस, हे त्याला कोण विचारतं? शिफ्टवर शिफ्ट चालते, लाइट गेली तर जनरेटर असतो. आमचे संगणक बंद म्हणून होत नाहीत.

होतात फक्त दसऱ्याला. त्या दिवशी यंत्राला विश्रांती. रुचिकाने स्वतःच्या हाताने संगणक बंद केला, पुसला, हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि वर हातही जोडले.

दुसऱ्या दिवशी फाइल नव्हती. तिने सगळे फोल्डर उघडले, परत उघडले. भाविकच्या हातापाया पडली. तो बराच वेळ खटपट करून म्हणाला, "न्हाय येनार ताई." माझं असं डोकं फिरलं की तो हार ओढून कचऱ्यात फेकला.

संध्याकाळी तिला एकटीला सोडवेना, म्हणून मी घरापर्यंत गेले. सीताबाई ओट्यावर सुकट निवडत होत्या.

"आई, हलदीचा धवला परत सांगाल?"

त्यांनी सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला थांबल्या. ओठ हलले, शब्द येईना. मग त्या सुनेकडे बघून हसल्या.

"तू लिवलंस ना सगलं?"

रुचिकाने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"हो आई. लिवलं."

"मंग झालं," म्हातारी म्हणाली. "आता मी इसरली तरी चालल."