धानातल्या टाचा

माझी मुलगी सहा वर्षांची होईपर्यंत चवड्यांवर चालायची. टाच म्हणून टेकवायची नाही. गार फरशी, माती, चटई, काहीही तळव्याला लागलं की किंचाळायची आणि स्वतःचाच हात चावायची. शाळेने तोंडावर सांगितलं होतं, तासभर तरी शांत बसली तर ठेवू, नाहीतर घरी न्या.

पंधरवड्यातून एकदा पवनीहून विशेष शिक्षिका यायच्या. त्यांच्या पिशवीत मऊ ब्रश, स्पंज, काटेरी रबरी चेंडू असायचा. एकेक तिच्या तळव्यांना लावून बघायच्या आणि वाळूत, दाण्यांत पाय घालू द्या, असं सांगून जायच्या. मी मान डोलवायची. मनात म्हणायची, बाई, तुम्ही गाडीला किक मारून मोकळ्या, निस्तरायचं मला आहे.

मग धान निघालं. अंगणात वाळत घातलेलं धान आमच्याकडे पायांनीच फिरवतात. पाय घासत चाललं की ओळी पडतात आणि खालचं धान वर येतं. सासूबाई आणि माझी धाकटी जाऊ फिरवत होत्या, आणि मुलगी आपणहून त्यांच्या मागे धानात शिरली. आता किंचाळणार म्हणून मी धावले. तिने टाचा टेकवल्या. दोन्ही. पाय घासत ओळीच्या टोकाला गेली, वळली, परत आली. मी पायरीवर बसून रडले.

मग रोज सकाळी धानात फिरवून तिला शाळेत नेऊ लागले. ती बसू लागली. शिक्षिकांनी हौसेने तिच्या पावलांचा मोबाइलवर फोटो काढला.

जावेला तेव्हा दिवस गेलेले होते. एका सकाळी मोरीपाशी मला गाठून म्हणाली, "ताई, वाईट नोका मानू. पोरीले धानात नोका चालू देऊ. तेच धान मले खा लागते. मले भेव वाटते."

म्हणजे माझ्या लेकीचं आजारपण तांदळातून तिच्या पोटात उतरणार होतं. माझं डोकंच फिरलं. नवऱ्याला सांगितलं तर पोत्याचं तोंड शिवता शिवता म्हणाला, "जाऊ दे ना. कायले वाढवून राहिली?" चावणारी, किंचाळणारी पोर एकट्या आईची असते, हे मला त्या दिवशी नीट कळलं.

शेवटी सासूबाईंनीच मिटवलं. मुलीला धानातून बाहेर घेत, अगदी मायेने म्हणाल्या, "धानाले पाय नोको लावू, माय. पाप लागते." त्यांचे स्वतःचे दोन्ही पाय धानातच होते.

आठवडाभरात शाळेतलं बसणं सुटलं. मी माझ्या खोलीत घमेलंभर धान आणून ठेवलं, दार लावलं आणि तिला म्हटलं, "घाल पाय. इथं कोणी काही म्हणत नाही." ती घमेल्यापाशी आली. धानाकडे बघितलं, आणि दोन्ही पाय फ्रॉकखाली दुमडून बसली.

हिला सांगितलेलं समजत नाही, असं अख्खं घर म्हणतं. एवढं मात्र तिला एकदाच सांगून समजलं.