हात पूस गो

"गो करुणा, खोक्यावर ओसी लिवलेला हाय. म्हंजे सरकारनं पास केलेला ना?"

"काका, ती बिल्डिंगची ओसी. ही म्हंजे कंपनीनंच आतल्या ग्राफिक्स कार्डाला टोचणी मारून पाठवलाय. साध्यापरास जोरात पळतो. तापतो पण."

काशीरामकाका लांज्याकडचे शेतकरी. मांडवीत पोरांसाठी गेमिंगचं दुकान काढत होते. आठ कॉम्प्युटर अजिंक्यशेठकडून यायचे होते. पहिला घेऊन ते करुणाच्या दुरुस्तीच्या गाळ्यात आले होते. "तू बरा म्हणालीस तर बाकीचे घेतंव."

अजिंक्यचं नाव ऐकलं आणि करुणाच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला. सहा वर्षं ती त्याच्याकडे कामाला होती. एकदा गिऱ्हाइकाचं ग्राफिक्स कार्ड जळलं. वीज पुरवणारा एसएमपीएसचा डबा हलक्या प्रतीचा होता, आणि तो अजिंक्यनेच बसवलेला. पण भर दुकानात तो म्हणाला, "हिच्या हाताला घाम. हात पूस गो आधी!" समुद्राकाठी घाम कुणाला सुटत नाही? तरी ते तिला चिकटलं. मासेवाल्यासुद्धा चेष्टेनं म्हणायच्या, हात पूस गो. नोकरी सोडून तिनं गाळा टाकला. शब्द मात्र जपून ठेवला.

कार्ड तिनं स्वतःच्या खात्रीच्या मशीनला लावलं आणि तासभर गेम पळवला. जळ मेल्या, ती मनात म्हणत होती. पण साध्या कार्डापेक्षा सेकंदाला सात फ्रेम जास्त, तापमान चौऱ्याहत्तर, पंखे घोंघावतायत आणि पडदा एकदाही लवला नाही. 'खराब' एवढा एक शब्द पुरला असता. काकांनी डोळे मिटून मानला असता. पण खोटं बोलून त्याला पाडलं तर अजिंक्य जन्मभर खरा ठरणार. ते तिला नको होतं.

तिनं कार्ड परत अजिंक्यच्या कॉम्प्युटरात बसवलं. दहा मिनिटांत मशीन मेलं. झाकण काढलं तर आत तसलाच हलका एसएमपीएस. करुणा पोट धरून हसली.

"काका, कार्डाचा पाडा दांडगा हाय. एसएमपीएसचा जू कुजलेला."

काकांनी फोन केला, तसा अजिंक्य स्कूटरवरून आला. कॉम्प्युटर उघडा बघून त्याचा आवाज उतरला. "बदलून देतो ना. बोभाटा कशाला?"

"आठीच्या आठी कॉम्प्युटरांचे बदलायचे. ह्यो आत्ता, हितंच, काकांच्या समोर. आणि तेव्हाचा कार्ड कशानं जळला ता सांग."

"एसएमपीएसनं," तो पुटपुटला.

"मोठ्यानं. नाक्यावरच्या रिक्षावाल्यांना ऐकू जाऊंदे."

त्यानं मोठ्यानं सांगितलं. कपाळावर घाम जमला होता. तसाच तो स्क्रूड्रायव्हर उचलायला गेला, तेव्हा करुणानं शाईनं माखलेलं फडकं त्याच्यापुढे टाकलं.

"हात पूस रे आधी."

बाहेर कुणीतरी खिदळलं. करुणानं मान वर केली नाही. शाळेचा प्रिंटर सकाळपासून अडकून पडला होता. तिनं तो पुढ्यात ओढला आणि चिमट्यानं आतला फाटका कागद उपसायला लागली.